माप आपल्या वस्तीचं, सेवा महापालिकेची

आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. चार घरची धुणीभांडी करायच्या. सकाळी साडेसहाला डोंगर उतरायच्या आणि पाच वाजून गेल्यावर परत चढायच्या. तीन वर्षांपूर्वी विहारात तपासणी शिबिर झालं, तेव्हा त्यांचा बीपी वाढलेला निघाला. रोज एक गोळी, आणि ती बंद करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गोळी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. दवाखाना वस्तीपासून पंधरा मिनिटांवर आहे. पण तो दुपारी चारला बंद व्हायचा, आणि केसपेपरची खिडकी त्याच्याही आधी. गोळ्या एका वेळी सात दिवसांच्याच मिळायच्या. म्हणजे दर आठवड्याला एक खाडा. पहिल्या खाड्याला मालकीण बोलली, दुसऱ्याला पगार कापला, तिसऱ्याला एक घर सुटलं. मावशींनी गोळीच सोडून दिली. "काही होत नाही गं, थोडी चक्कर येते," एवढंच म्हणायच्या. पुढे एका पहाटे पाण्याच्या रांगेत त्या कोसळल्या. डावी बाजू गेली. आज त्या घरात बसून असतात आणि त्यांची दहावीतली मुलगी शाळेच्या आधी दोन घरची भांडी घासते.

दवाखाना होता, डॉक्टर होते, गोळी होती आणि तीही मोफत होती. कागदावर पाहिलं तर सगळं ठीक होतं. फक्त मावशींच्या वेळेला तिथे कुलूप होतं.

या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही एखाद्या आजाराबद्दल किंवा औषधाबद्दल लिहिणार नाही. महापालिकेची सेवा आपल्या वस्तीच्या मापाची का नसते, आणि ती मापाची करून घ्यायला आपण काय करू शकतो, याबद्दल लिहिणार आहोत. शिंप्याने माप न घेता कपडा शिवला तर कापड कितीही चांगलं असो, तो अंगाला बसत नाही. सेवेचंही तसंच आहे.

महाडचा ठराव काय सांगतो

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९२३ च्या ऑगस्टमध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असं त्यात म्हटलं होतं. लक्षात घ्या, त्यात दवाखानेही होते. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण तळ्यावर कोणी जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह जाऊन पाणी घेतलं, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतर त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला आपला ठराव मागे घेतला, आणि हक्क कोर्टात कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडावं लागलं.

आपण दरवर्षी हा दिवस साजरा करतो. त्यातला एक धडा नगरपालिकेच्या कारभाराचा आहे. सेवा मंजूर होणं ही एक गोष्ट आणि ती आपल्या ओंजळीत पडणं ही दुसरी. मधलं अंतर आपोआप भरत नाही. त्या वेळी ते अंतर उघड जातीचं होतं. आज बऱ्याच ठिकाणी ते वेळेचं, लांबीचं, आसनांच्या संख्येचं आणि अंधाराचं आहे. पण ते कोणाच्या वाट्याला जास्त येतं, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

वेगळं माप म्हणजे कमी माप नव्हे

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. वस्तीच्या गरजेप्रमाणे सेवा द्या, असं आपण म्हणतो तेव्हा "वस्तीला थोडक्यात भागवा" असा अर्थ काढला जाऊ शकतो. तसा तो काढला गेलाही आहे. मुंबईत पाण्याचा हिशोब करताना इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असं माप बराच काळ धरलं गेलं. शहर एक, तहान एक, आणि माप दोन. वस्तीतल्या माणसाच्या अंगाला घाम कमी येतो की तिच्या बाळाचे लंगोट कमी धुवावे लागतात?

हक्क सर्वांना सारखा हवा, त्याची पद्धत गरजेप्रमाणे वेगळी हवी. इमारतीत पाइप वरच्या टाकीत जातो, वस्तीत तो पाच-दहा घरांच्या गटाला एकत्र द्यावा लागतो. इमारतीत संडास घरात असतो, वस्तीत सार्वजनिक असतो, म्हणून तिथे दिवा, कडी आणि पाणी ही महापालिकेची जबाबदारी होते. पद्धत बदलली तरी माणशी मिळणारं पाणी आणि स्वच्छता कमी होता कामा नये.

वस्ती बेकायदा आहे म्हणून पाणी नाही, हे उत्तर आपण वर्षानुवर्षं ऐकलं. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की, झोपडी बेकायदा असली तरी तिथे राहणाऱ्या माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात पाणी येतं. मुंबई महापालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण मे २०२२ मध्ये आलं, ते या लढ्यानंतरच. शिवाय मुंबई महापालिका अधिनियम १८८८ चं कलम ६१ आणि इतर महापालिकांसाठी असलेल्या १९४९ च्या अधिनियमाचं कलम ६३ यांत महापालिकेची बंधनकारक कामं दिली आहेत. पाणी, सफाई, गटारं, साथीच्या रोगांना आळा ही कामं त्यात आहेत. ही कोणाची मेहरबानी नाही.

वेळ चुकली की सेवा चुकली

आमच्या वस्तीतली तीन उदाहरणं सांगतो. तुमच्याकडेही ती सापडतील.

पहिलं घंटागाडीचं. ती सकाळी सातला येते. त्याच वेळी नळाला पाणी असतं. बाई नळावर, नवरा नाक्यावर, पोरं अंथरुणात. गाडी येते, घंटा वाजवते आणि जाते. कचरा दिवसभर घरात ठेवायला जागा नाही, मग तो नाल्यात जातो. पुढे "वस्तीतल्या लोकांना शिस्त नाही" असं ऐकायला मिळतं. गाडी अर्धा तास उशिरा आली, तर बरीच शिस्त आपोआप येईल.

दुसरं ड्रमचं. पाणी दिवसातून एक-दीड तास येतं, म्हणून घरोघरी ड्रम भरून ठेवावा लागतो. डेंग्यूच्या दिवसांत कीटकनाशक खात्याचे लोक येतात आणि ड्रम रिकामा करा म्हणतात. त्यांचंही चूक नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंडी ड्रमच्या आतल्या कडेला चिकटतात, पाणी नसलं तरी महिनोन्महिने टिकतात, आणि पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. पण एकच महापालिका एका हाताने पाणी कमी देते आणि दुसऱ्या हाताने साठवल्याची नोटीस देते, हे बसत नाही. वस्तीच्या मापाची सेवा म्हणजे पाण्याची वेळ वाढवणं, आणि तोवर ड्रमला घट्ट बसणारी झाकणं मिळणं. आपण आपल्या बाजूने एवढं करू: ड्रमच्या तोंडाला दाट कापड करकचून बांधू आणि आठवड्यातून एकदा, पाणी संपत आलं की, आतली कड काथ्याने घासू. नुसतं पाणी ओतून देऊन अंडी जात नाहीत.

तिसरं संडासाचं. रात्री दिवा नाही, कडी तुटलेली, आणि वाटेवर टोळकी बसलेली. म्हणून आमच्या कितीतरी मुली आणि बाया संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. लघवी तुंबवून ठेवतात. त्यातून लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मुतखडा, बद्धकोष्ठ हे सगळं मागे लागतं. गरोदर बाईला लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि उपचार मिळाला नाही, तर दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. दवाखान्यात याला आजार म्हणून लिहितात. खरं औषध मात्र विजेच्या खांबावर आहे.

दवाखान्याच्या वेळेबद्दल तर सरकारनेच आधी विचार केलेला आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या आराखड्यात साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र धरलं आहे, आणि त्याची वेळ शक्यतो दुपारी १२ ते रात्री ८ असावी असं सुचवलं आहे. कारण उघड आहे, रोजंदारीवरचा माणूस सकाळी येऊ शकत नाही. मुंबईत २ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेत सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १० अशी वेळ ठेवली गेली. म्हणजे संध्याकाळचा दवाखाना अशक्य नाही. आमच्या डोंगरापासून असा दवाखाना लांब आहे आणि जवळच्या जुन्या दवाखान्याची वेळ जुनीच राहिली, एवढंच मावशींचं दुर्दैव. ते दुर्दैव बदलता येण्यासारखं होतं. कोणी मागितलंच नाही. आम्हीही नाही. हे पान चालवणाऱ्या आम्हाला त्याचा सल आहे.

माप घ्यायला कोण येणार?

वॉर्ड ऑफिसातल्या साहेबाला आपल्या गल्लीचं वेळापत्रक माहीत नसतं. ते त्याच्या फाइलमध्ये नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या सांगितल्या, कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून. पण समिती जवळ आली तरी तिला सांगणारं कोणीतरी लागतं. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात आपण सगळ्यांनी अनुभवलं की, नुसतं एका माणसावर अवलंबून राहिलं तर वस्तीचा आवाज किती लवकर बंद होतो.

दोन रस्ते मात्र उघडे आहेत, ते नीट माहीत करून घ्या.

एक, महिला आरोग्य समिती. नागरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे दहा-बारा बायकांची एक समिती करायची असते. तिला वर्षाला ५ हजार रुपयांचा निधी असतो, आणि तो वस्तीच्या गरजेप्रमाणे कशावर खर्च करायचा हे बायकांनी ठरवायचं असतं. तुमच्या वस्तीत ही समिती आहे का, तिच्यात कोण आहे, बँकेत खातं आहे का, हे आशाताईला किंवा आरोग्य सेविकेला विचारा. आपलं महिला मंडळ आहेच. जे काम मंडळ विहारात करतं, तेच इथे नावासह आणि अधिकारासह करता येतं.

दोन, अंदाजपत्रकात सहभाग. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये लोकांनीच महापालिकेचा काही खर्च ठरवायची पद्धत सुरू झाली. पुणे महापालिकेने २००६ पासून तिचा एक छोटा प्रकार आणला. नागरिक आपल्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून छोटी कामं सुचवतात आणि निवडलेली कामं पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जातात. संडासाची दुरुस्ती, दिवा, गटारावरचं झाकण ही कामं अशीच असतात. पण अर्ज जो भरतो, त्याच्या गल्लीत काम जातं. सोसायटीतले निवृत्त काका अर्ज भरतात, त्यांच्या बागेत बाकडं येतं. त्यात त्यांचा दोष नाही. आपला अर्ज गेला नाही, हा आपला तोटा आहे. पुण्यातल्या वाचकांनी यंदाच्या अर्जाची मुदत आजच विचारून घ्यावी.

पुण्याचंच आणखी एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलायचं काम घेतलं. ज्यांना शहर कचऱ्यासारखं वागवत होतं, त्यांनी शहराची सेवा कशी असावी हे ठरवण्यात वाटा मिळवला. त्या बायकांत आपल्या समाजाच्याही अनेक आहेत.

वस्तीचं माप असं घ्या

दोन रविवार, एक वही, आणि आठवी-दहावीतली चार पोरं एवढ्यावर हे काम होतं.

वेळेचं माप: एका गल्लीतल्या प्रत्येक घरात विचारा. बाई कामावर कधी जाते, कधी येते? पाणी किती वाजता येतं, किती वेळ? घंटागाडी कधी? दवाखाना, अंगणवाडी, लसीकरण कधी? एका कागदावर तासांच्या रेघा मारून हे मांडा. कुठली सेवा कोणाच्या वेळेला चुकते, ते लगेच दिसतं.

संख्येचं माप: समजा वस्तीत १२० घरं आणि घरटी पाच माणसं, म्हणजे ६०० माणसं. मुंबईच्या जुन्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमात ५० माणसांमागे एक आसन धरलं होतं, म्हणजे १२ आसनं. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक आसन आहे. त्या हिशोबाने ३०० बायकांना १२ आणि ३०० पुरुषांना ९, अशी २१ आसनं लागतात. आता आपल्याकडे चालू किती आहेत ते मोजा. बंद दार मोजायचं नाही.

जागेचं माप: वस्तीचा साधा नकाशा काढा. पाण्याचा पाइप गटारातून कुठे जातो, दिवा कुठे नाही, म्हाताऱ्या माणसाला कुठल्या पायऱ्या चढवत नाहीत, अॅम्ब्युलन्स कुठपर्यंत येते, हे खुणांनी दाखवा.

आजाराचं माप: जुलाब, कावीळ, ताप यांची तारीख आणि गल्ली लिहून ठेवा. नावं लिहू नका, विशेषतः टीबीची किंवा एचआयव्हीची. एका आठवड्यात एकाच गल्लीत तीन घरी जुलाब लागले, तर पाइप फुटून गटाराचं पाणी मिसळल्याची शंका घ्या. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवा आणि पाण्याची क्लोरीन तपासणी मागा. त्यात पाण्यात औषधाचे थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. तोपर्यंत पाणी उकळूनच प्या.

मग मागणी लिहा. एका अर्जात एकच मागणी, आणि ती नेमकी. "वस्तीच्या समस्या सोडवा" असं लिहू नका. "दवाखाना आठवड्यातून दोन दिवस रात्री आठपर्यंत उघडा ठेवा" असं लिहा. पाण्याचा अर्ज जल खात्याकडे, संडास आणि कचऱ्याचा घनकचरा खात्याकडे, डासांचा कीटकनाशक खात्याकडे, दवाखान्याचा आरोग्य अधिकाऱ्याकडे. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मुंबईत १९१६ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते, तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. महिन्याभरात हालचाल नाही झाली, तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि विचारा, माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पिवळं कार्ड असेल तर ते १० रुपयेही लागत नाहीत.

दोन गोष्टी विसरू नका. आपल्या गल्लीत मुस्लिम घरं आहेत, मातंग घरं आहेत, उत्तरेकडून आलेले भाडेकरू आहेत. गटाराचं पाणी पाइपात शिरलं तर ते कोणाचं घर सोडत नाही. म्हणून वहीत सगळ्यांची घरं घ्या, अर्जावर सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि दुसरं, घंटागाडीवरचा, संडास साफ करणारा कंत्राटी कामगार बहुतेक वेळा आपलाच भाऊ किंवा बहीण असतो. वेळ बदलायची मागणी करताना त्यांच्याशी आधी बोला. त्यांना हातमोजे आणि बूट मिळत नसतील, तर ती मागणीही आपल्याच अर्जात लिहा.

आमच्या वस्तीत काय झालं

मावशी कोसळल्यानंतर आमच्या महिला मंडळाने हेच केलं. पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारातच वही उघडली. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला "कर्मचारी कमी आहेत" असं तोंडी सांगितलं. तिसऱ्या वेळी सतरा बाया वेळेचा कागद घेऊन गेल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पसरला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही गोळ्या घ्यायला कंटाळता."

आता बीपी आणि शुगरच्या गोळ्या सात दिवसांऐवजी महिन्याच्या मिळतात. शनिवारी केसपेपर संध्याकाळी सहापर्यंत निघतो. संडासाबाहेर दोन दिवे लागले, त्यातला एक पुन्हा बंद आहे आणि त्याचा अर्ज आत गेला आहे. पाण्याची वेळ अजून बदललेली नाही. घंटागाडीही सातलाच येते. काम अर्धं झालं आहे.

मावशींना यातलं काही परत मिळणार नाही. पण परवा त्यांच्या शेजारची ताई शनिवारी कामावरून येता येता केसपेपर काढून गोळ्या घेऊन आली, तेव्हा मावशींनी उजव्या हाताने पिशवी उघडून एक एक पाकीट मोजलं. तीस होत्या. "सोडू नको हं," एवढंच म्हणाल्या.

येत्या रविवारी तुमच्या विहारात एक वही घेऊन बसा. काय माप निघालं ते आम्हाला लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.

जय भीम.